घरातील गोड्या पाण्याची मत्स्यटाकी: आजार आणि निगा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दोन-तीन फुटांची काचेची टाकी ठेवणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रे "कोणते औषध घालू?" अशी सुरू होतात आणि बहुतेक उत्तरांची सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. तीच गोष्ट प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहू नये म्हणून, जेथे उत्तर आधी येऊन गेले आहे तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुकानदार म्हणाला, "आज टाकी भरा, उद्या मासे सोडा." तसे केले आणि पंधरा-वीस दिवसांत निम्मे मासे मेले. काय चुकले?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो, आणि नव्या टाकीत त्याचे रूपांतर करणारे जिवाणू अजून वसलेले नसतात. हे काम दोन टप्प्यांत होते: जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया व नायट्राइट थोड्या प्रमाणातही घातक असतात; नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. जिवाणूंची ही वसाहत फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर तयार होते आणि तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच मासे पहिल्या दिवशी न मरता, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटू लागल्यावर मरतात.

एखाद्या परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरचा मळकट स्पंज मिळाला आणि तो ओला ठेवून त्याच दिवशी आपल्या टाकीत बसवला, तर हा काळ पुष्कळ कमी होतो. जिवाणूंच्या विकतच्या बाटलीपेक्षा मी तो स्पंज केव्हाही पसंत करीन. तो मिळाला नाही, तर दोन-तीनच काटक मासे सोडून खाणे अगदी कमी ठेवावे, एक दिवसाआड थोडे पाणी बदलावे, आणि चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणू नये.

२. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिटरमध्ये असते. माझ्या टाकीत किती लिटर पाणी आहे, हे कसे काढावे?

लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्याला १,००० ने भागावे. लांबी ६०, रुंदी ३० आणि पाण्याची उंची ३५ सेंटिमीटर असेल, तर उत्तर ६३ लिटर येते. खडी, दगड आणि सजावटीने व्यापलेली जागा वजा करता औषधासाठी ते ५५ लिटरच्या आसपास धरावे. दुकानात सांगितलेली "क्षमता" खडी-सजावट नसलेल्या, काठोकाठ भरलेल्या टाकीची असते आणि त्या आकड्यावर मात्रा ठरवली की औषध जास्त पडते.

३. पाणी किती दिवसांनी बदलावे? आम्ही महिन्यातून एकदा सर्व पाणी काढून टाकी साबणाने घासतो, तरी मासे टिकत नाहीत.

तरी नव्हे, त्यामुळेच टिकत नाहीत. सगळे पाणी काढून खडी व स्पंज नळाखाली धुतला की प्रश्न १ मध्ये सांगितलेली जिवाणूंची वसाहत वाहून जाते किंवा क्लोरीनने मरते, आणि टाकी पुन्हा नव्या टाकीच्या अवस्थेत येते. साबणाचा अंश तर कल्ल्यांवरील नाजूक आवरणच खराब करतो. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी सायफनच्या नळीने, खडीतील गाळासह काढावे आणि तेवढेच, जवळपास त्याच तापमानाचे पाणी घालावे. स्पंज त्या काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा पिळावा. तो पांढराशुभ्र होण्याची गरज नाही. त्यातून पाणी नीट वाहिले म्हणजे पुरे.

४. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवले की क्लोरीन निघून जाते का?

साधे क्लोरीन रुंद तोंडाच्या बादलीत २४ तासांत बहुतांशी उडून जाते, आणि बादलीत हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र खडा) सोडला तर आणखी लवकर. क्लोरामाइन (काही ठिकाणी पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन व अमोनियाचे संयुग) मात्र असे उडत नाही. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ येऊ लागले की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, त्यामुळे एरवी चालणारी पद्धत जुलै-ऑगस्टमध्ये दगा देऊ शकते. अशा वेळी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा स्वस्त उपाय आहे. दुकानातील अँटिक्लोरीनमध्ये बहुधा तेच असते. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असले, तरी ५० लिटरसाठी अर्धा ग्रॅम हायपो पुरतो, म्हणून मूठभर खडे टाकण्याचे काही कारण नाही.

५. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. त्याऐवजी आरओचे शुद्ध पाणी वापरले तर मासे अधिक निरोगी राहतील ना?

निव्वळ आरओच्या पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात. पाण्यातील कार्बोनेट पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (७ च्या खाली आम्ल, वर अल्क), सावरून धरतात. ते नसले की टाकीत तयार होणाऱ्या आम्लांमुळे पीएच कोसळतो. दख्खनच्या पठारावरील बोअरचे जड पाणी गप्पी, मोली, प्लॅटी आणि गोल्डफिश यांना चांगले मानवते. त्या पाण्यात डिस्कस किंवा जंगली टेट्रा ठेवायचे असतील तरच आरओचे पाणी बोअरच्या पाण्यात मिसळण्याचा खटाटोप करावा, आणि दर वेळी प्रमाण तेच ठेवावे. आपल्या पाण्याला साजेसा मासा निवडणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

एक गोष्ट मात्र जड पाणी असलेल्यांनी ध्यानात ठेवावी: वाफ होऊन उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. महिनोन्‌महिने फक्त वरून भर घातली, तर पाणी अधिकाधिक जड होत जाते. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

६. वास्तूच्या सल्ल्यानुसार आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत ठेवले. सारखा एखादा मरतो. घरातील मंडळी म्हणतात, त्याने घरावरचे संकट घेतले. खरे काय?

संकट बहुधा अमोनियाचे असते. गोल्डफिश खूप खातो आणि तितकीच घाण करतो, फॅन्सी जातींचा मासादेखील नीट वाढला तर १५ ते २० सेंटिमीटरचा होतो, आणि ५५-६० लिटर पाण्यात असे दोन मासे ही खरी मर्यादा आहे. नऊ हा आकडा श्रद्धेतून आलेला आहे, पाण्याच्या हिशेबातून नव्हे. नऊच ठेवायचे असतील, तर नऊ लहान मासे, उदाहरणार्थ प्लॅटी, ठेवावेत; त्यांत सोनेरी-केशरी आणि काळा हे दोन्ही रंग मिळतात. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की "संकट घेतले" म्हटले की मृत्यूचे कारण शोधायचे राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात दुसरा मासा येतो.

७. दिवसातून किती वेळा आणि काय खायला द्यावे? मुले चपाती, पाव, चुरमुरे टाकतात.

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. चपाती, पाव आणि चुरमुरे तळाशी कुजून पाणी नासवतात, म्हणून ते बंद करावेत. कोरड्या खाद्याचा लहान डबा घ्यावा आणि तो घट्ट झाकून ठेवावा. पावसाळ्यात दमट होऊन गोळा झालेले किंवा बुरशीचा वास येणारे खाद्य फेकून द्यावे. जिवंत ट्युबिफेक्स अळ्या मासे आवडीने खातात, परंतु त्या बहुधा सांडपाण्याच्या गटारांतून गोळा केलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर जंतू घरात येतात. त्यांऐवजी गोठवलेल्या किंवा वाळवलेल्या अळ्या द्याव्यात.

८. गणपतीला सात दिवस गावी जातो. माशांच्या खाण्याची सोय कशी करावी?

करू नये. पूर्ण वाढलेले निरोगी मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. सुटीसाठी मिळणाऱ्या खाद्याच्या वड्या पाणी खराब करतात, आणि शेजाऱ्यांकडे डबा दिला तर ते प्रेमाने दुप्पट घालतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलावे. निघण्याच्या सकाळी नको, कारण काही बिघडले तर पाहायला कोणी नसते. पिल्ले असतील तरच शेजाऱ्यांना एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्याव्यात.

९. सर्व मासे वर येऊन तोंडे उघडझाप करत आहेत. काय करावे?

आधी एक तृतीयांश पाणी बदलावे आणि हवेचा पंप पूर्ण जोरात लावावा. कारण नंतर शोधावे. प्राणवायूची कमतरता असेल, तर त्रास पहाटे अधिक दिसतो, कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३२ अंशांना जेमतेम सव्वासात. उन्हाळ्यातील त्रासाचे मूळ येथे आहे. पंप चालू असूनही मासे वरच असतील, तर अमोनिया किंवा नायट्राइटची शंका घ्यावी. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घालवते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले तपकिरी दिसू लागतात. त्यावर मिठाचा उपयोग होतो (प्रश्न १८). फायटर आणि गुरामी मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेतात, तो त्यांचा स्वभाव आहे.

१०. पाणी दुधाळ दिसते. दुसऱ्या टाकीत ते हिरवे झाले आहे. हा आजार आहे का?

नाही. नव्या टाकीतील दुधाळपणा मुक्त तरंगणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि खाणे कमी केले की आठवडाभरात ओसरतो. जुन्या टाकीत तो आला तर तळाशी मेलेला मासा किंवा साचलेले खाद्य शोधावे. हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म शैवाल. ते माशांना अपाय करत नाही. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी आणि दिवा सहा ते आठ तासच ठेवावा.

११. अंगावर पांढरे ठिपके आले आहेत आणि मासा दगडांना अंग घासतो. औषध दिल्यावर ठिपके गेले, आठवड्याने दुपटीने आले. असे का?

कारण ठिपके जाणे म्हणजे रोग जाणे नव्हे. हा इक्थायोफ्थिरियस नावाचा एकपेशी परजीवी आहे. नीट पाहिले तर प्रत्येक ठिपका रव्याच्या कणाएवढा, किंचित उठावदार आणि त्वचेच्या पातळ पडद्याखाली असतो. तेथे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो मासा सोडून तळाशी पडतो, स्वतःभोवती कोश करतो आणि त्यात शेकडो पिल्लांत विभागला जातो. ठिपके दिसेनासे होतात ते याच वेळी, आणि औषध बंद केले जाते तेही याच वेळी. कोशातून बाहेर पडलेल्या, पोहत मासा शोधणाऱ्या पिल्लांवरच औषध चालते. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

पाणी २५ अंशांच्या आसपास असताना हे चक्र साधारण आठवड्यात पुरे होते आणि थंडीत ते कितीतरी लांबते. म्हणून हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंश या गतीने २९-३० पर्यंत न्यावे, हवा वाढवावी आणि मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषध बाटलीवरील मात्रेत, शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर चालू ठेवावे. लोच आणि मांगूर वर्गातील बिनखवल्यांच्या माशांना ही मात्रा निम्मी द्यावी. हे औषध हाताळताना हातमोजे घालावेत, कारण ते माणसालाही घातक आहे. एका माशावर ठिपके दिसले तरी उपचार सर्व टाकीवर करावा लागतो. या रोगात आजारी मासा वेगळा काढून भागत नाही. तापमान वाढवण्याचा उपाय कोणत्या रोगात उलटतो, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर आहेत, आणि मासा अगदी मजेत आहे. औषध द्यावे का?

मासा गोल्डफिश असेल, तर देऊ नये. विणीच्या काळात नर गोल्डफिशला नेमके त्याच ठिकाणी ओळीने पांढरे, टणक पुटके येतात आणि काही आठवड्यांनी जातात. अंगावर ठिपक्यांऐवजी तिरप्या प्रकाशात सोनेरी भुकटी दिसत असेल, तर तो वेल्व्हेट हा वेगळा परजीवी आहे. त्यावर औषधाबरोबर टाकी काही दिवस अंधारात ठेवल्यानेही फरक पडतो, कारण तो अंशतः प्रकाशावर जगतो.

१३. तोंडावर कापसासारखा पांढरा थर आला आहे. बुरशीचे औषध देऊन गुण येत नाही.

तोंडाभोवतीचा किंवा पाठीवरील करडा-पांढरा, फार न फुगणारा थर आणि एक-दोन दिवसांत पसरणारी जखम असेल, तर ती बहुधा बुरशी नसून कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग असतो. खरी बुरशी लांब, मोकळ्या तंतूंची असते, जुन्या जखमेवर वाढते आणि हळू पसरते. भेद महत्त्वाचा आहे, कारण कॉलम्नॅरिस उष्णतेत फोफावतो. येथे प्रश्न ११ प्रमाणे तापमान वाढवले तर मासा लवकर मरतो. उलट ते त्या जातीला सोसेल इतके, २४ अंशांच्या जवळ आणावे, आजारी मासे वेगळे काढावेत आणि जिवाणूनाशक औषधाबाबत जाणकाराचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

१४. फायटरचे पर झिजत आहेत.

कडा पांढुरक्या, लालसर किंवा काळपट होऊन आत आत सरकत असतील, तर तो पर कुजण्याचा रोग आहे, आणि त्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमी अस्वच्छ पाणी असते. काचेच्या वाडग्यात ठेवलेल्या फायटरला तो हमखास होतो. किमान १५-२० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर आणि आठवडाभर एक दिवसाआड थोडे पाणी बदलणे एवढ्यावर सुरुवातीचा रोग थांबतो. नव्याने येणारा पारदर्शक पडदा हे बरे होण्याचे लक्षण. कडा स्वच्छ असून तुकडा तोडल्यासारखा दिसत असेल, तर तो स्वतःची शेपटी चावतो आहे किंवा प्लास्टिकच्या पानांवर ती फाटते आहे.

१५. माशाचे पोट फुगले आहे आणि खवले उभे राहिले आहेत.

वरून पाहिल्यावर खवले अंगापासून सुटून उभे दिसत असतील, तर मूत्रपिंडाचे काम बंद पडत आले आहे आणि शरीरात पाणी साठते आहे. ड्रॉप्सी हे त्या लक्षणाचे नाव आहे. कारणे अनेक असतात. या टप्प्यावर मासा वाचण्याची शक्यता कमी असते. त्याला वेगळे ठेवून लिटरमागे अर्धा ग्रॅम एप्सम सॉल्ट देऊन पाहावे. येथे खाण्याचे मीठ नको. पोट फुगले आहे पण खवले सपाट आहेत, अशी मादी बहुधा अंड्यांवर किंवा पिल्लांवर असते.

१६. गोल्डफिश उलटा तरंगतो, पण खातो.

गोल, आखूड शरीराच्या फॅन्सी जातींत हे वारंवार होते. दोन-तीन दिवस खाणे बंद ठेवावे, नंतर उकडून साल काढलेल्या वाटाण्याचा बारीक तुकडा द्यावा आणि पुढे तरंगणाऱ्या खाद्याऐवजी भिजवलेले, बुडणारे खाद्य द्यावे. आठवड्यात फरक पडला नाही, तर दोष शरीररचनेत असू शकतो. असा मासा उथळ पाण्यात बरेच दिवस जगतो.

१७. अंगातून हिरवट दोऱ्यासारखे काहीतरी लोंबते आहे.

तो अँकर वर्म आहे आणि तो तळ्यात वाढवलेल्या गोल्डफिश व कोईबरोबर येतो. ओल्या कापडात मासा धरून, बारीक चिमट्याने दोरा त्वचेच्या अगदी लगत पकडून सावकाश ओढावा. मध्यावर तुटला तर नांगरासारखे टोक आत राहते आणि तेथे पिकते. जखमेवर कापसाने पोव्हिडोन आयोडीन टेकवून, कल्ल्यांना न लागू देता, मासा लगेच पाण्यात सोडावा. दोरा ही पूर्ण वाढलेली मादी असते. तिची पिल्ले पाण्यात असतातच, म्हणून टाकीचा उपचारही करावा लागतो.

१८. सगळे म्हणतात मीठ घाला. किती, कोणते आणि कोणाला नको?

साधे खडेमीठ, लिटरमागे १ ते ३ ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून एका दिवसात थोडे थोडे घालावे. नायट्राइटच्या विषबाधेत त्याचा उपयोग नेमका आहे: मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटची वाट अडवते, आणि त्यासाठी १ ग्रॅमही पुरेसा होतो. नाजूक वनस्पती आणि कॉरिडोरास (तळाशी राहणारे लहान मासे) यांना मीठ सोसत नाही. ते वाफेबरोबर उडत नाही, म्हणून पाणी बदलताना जितके पाणी काढले तितक्यापुरतेच पुन्हा घालायचे असते. टाकी निरोगी असताना "सवय म्हणून" मीठ घालणे निरर्थक आहे.

१९. टाकीबरोबर निळे औषध दिले आणि रोज दोन थेंब घालायला सांगितले. ते चालू ठेवावे का?

बंद करावे. ते मिथिलिन ब्लू असते. अंड्यांवरील बुरशीसाठी आणि वेगळ्या भांड्यातील उपचारासाठी ते चांगले आहे, परंतु मुख्य टाकीत ते उपयुक्त जिवाणूंना मारते आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करते. रोगाशिवाय औषध हे या छंदातील सर्वांत मोठे दुखणे आहे, असे माझे मत आहे. कोणतेही औषध देताना फिल्टरमधील सक्रिय कोळसा काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. आणि तांबेयुक्त औषध कोळंबी व गोगलगायी असलेल्या टाकीत कधीही घालू नये. औषधाच्या दुकानातील माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून टाकण्याचा सल्ला फार फिरतो. मात्रा अंदाजे पडते, फिल्टर मरतो आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू पोसले जातात.

२०. नवा मासा आणल्यावर पिशवी किती वेळ तरंगत ठेवावी?

मासा तासाभरात घरी आला असेल, तर पंधरा-वीस मिनिटे पिशवी तरंगवून, मग थोडे थोडे टाकीचे पाणी त्यात घालून, शेवटी जाळीने फक्त मासा सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. मासा कुरिअरने रात्रभर प्रवास करून आला असेल, तर नियम बदलतो. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्याने तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशी पिशवी न उघडता तरंगवून तापमान जुळवावे आणि उघडताच मासा तयार ठेवलेल्या पाण्यात घ्यावा.

ते पाणी मुख्य टाकीचे नसावे. वीसेक लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि दोन ते चार आठवडे: एवढी विलगीकरणाची सोय असली, तर प्रश्न ११, १३ आणि १७ पुष्कळदा उद्भवतच नाहीत.

२१. विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणी ३४ अंशांवर जाते, आणि पुण्यात डिसेंबरमध्ये २० वर येते. वीजही जाते. काय करावे?

उन्हाळ्यात झाकण काढून, उडी मारणाऱ्या माशांसाठी जाळी लावून, पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी होतात. बर्फ थेट टाकू नये. थंडीत लिटरमागे साधारण १ वॅट या हिशेबाने हीटर घ्यावा. साध्या गोल्डफिशला तो लागत नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा पहिला खर्च समजावा. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नये; आतील कुजके पाणी आधी ओतून टाकावे.

२२. घरात पेस्ट कंट्रोल करायचे आहे.

कीटकनाशकांतील पायरेथ्रॉइड माशांसाठी अत्यंत विषारी असतात. शक्य असल्यास टाकीची खोली वगळावी. नसल्यास टाकी प्लास्टिकने पूर्ण झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि बाहेरची हवा आत ढकलणारा पंप त्या वेळेपुरता थांबवावा; पाणी फिरवणारा फिल्टर चालू राहू द्यावा. डासांचे विजेवरचे द्रवही याच कुळातील असतात, म्हणून ते टाकीशेजारी लावू नये.

२३. माझी टाकी चार वर्षांची आहे. मी क्वचितच पाणी बदलतो आणि मासे ठणठणीत असतात. पण जेव्हा जेव्हा भरपूर पाणी बदलले, तेव्हा तेव्हा मासे मेले. मग पाणी न बदलणेच योग्य नाही का?

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बरेच महिने पाणी न बदललेल्या टाकीतील कार्बोनेट संपतात आणि पीएच ६ च्या खाली उतरतो. त्या आम्लतेत जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचत जातो. पण तो अमोनियम या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर ८ असताना पाच टक्क्यांहून अधिक. अशा टाकीत पीएच ८ चे निम्मे पाणी ओतले की साचलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. माशांनी सावकाश पचवलेला बदल उलट दिशेने एकदम होतो, हे आणखी निराळेच. म्हणून येथे प्रश्न ३ मधील प्रमाण लागू करू नये. दोन-तीन आठवडे रोज पाच टक्के पाणी बदलून टाकी हळूहळू पूर्वपदावर आणावी.

२४. सर्व चाचण्या ठीक आहेत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा मासा खंगून, पाठ वाकून मरतो. माणसांना धोका आहे का?

हे माशांच्या क्षयरोगाचे चित्र असू शकते. तो मायकोबॅक्टेरियम मरायनम व त्याच्या नातलग जिवाणूंमुळे होतो, आणि घरी त्यावर खात्रीचा उपचार नाही. माणसाला हे जंतू हातावरील जखमेतून शिरून बऱ्या न होणाऱ्या गाठी आणू शकतात. हाताला कापले असेल तर टाकीत हात घालू नये, तोंडाने सायफन ओढू नये, आणि अशी गाठ आल्यास डॉक्टरांना घरात मत्स्यटाकी असल्याचे आवर्जून सांगावे. ते कळले नाही तर निदान लांबते. हाडकुळेपणा किंवा वाकडेपणा एकाच म्हाताऱ्या माशात दिसला, तर मात्र ते वयाचे लक्षणही असू शकते.

२५. मासा वाचणार नाही हे स्पष्ट आहे. त्याचे हाल कसे संपवावेत?

लवंगेच्या तेलाने. लहान बाटलीत कोमट पाण्याबरोबर तेलाचे काही थेंब जोरात हलवून दुधी मिश्रण करावे आणि मासा असलेल्या भांड्यात ते सावकाश घालावे, म्हणजे त्याला गुंगी येते. त्यानंतर लिटरमागे सुमारे ०.४ मिलिलिटर तेल होईल इतके मिश्रण वाढवावे, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही त्यास किमान दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. जिवंत मासा शौचकुपात सोडू नये. मृत मासा कुंडीत खोल पुरावा.

२६. "काच साफ करतो" म्हणून घेतलेला सकर मासा फूटभर झाला आहे. तलावात सोडावा का?

मुळीच सोडू नये. हा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे. लोकांनी असेच सोडल्यामुळे तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशासह भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. तो दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या छंदिष्टाला द्यावा. गप्पीसुद्धा विहिरीत किंवा नदीत स्वतःहून सोडू नयेत. डासांसाठी ते कोठे सोडायचे हे पालिकेच्या आरोग्य विभागाला ठरवू द्यावे.

२७. रोगाने सर्व मासे गेले. तीच टाकी पुन्हा वापरता येईल का?

येईल. परजीवी रोग झाला असेल, तर टाकी रिकामी करून, पुसून, आठवडाभर कडकडीत कोरडी ठेवणे बहुधा पुरते. जिवाणूंचा रोग असेल, तर घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग असे द्रावण अर्धा तास ठेवून टाकी धुवावी आणि नंतर हायपोच्या पाण्याने क्लोरीनचा अंश घालवावा. प्रश्न २४ मधील क्षयरोगाचे जंतू क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत. तेथे काच ७० टक्के अल्कोहोलने, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून दूर, दोनदा पुसावी. स्पंज, खडी, लाकूड आणि जाळी फेकून द्यावीत. त्यानंतर टाकी भरली की प्रश्न १ मधील चार ते सहा आठवडे पहिल्यापासून मोजावेत.